माणूस गेला, जोडणी उरली

सुरुवातीच्या फायरवॉलला स्मरण नव्हते; आलेले प्रत्येक पॅकेट ती नियमांशी ताडून पाही आणि विसरून जाई. 1990च्या दशकात चेक पॉइंटच्या ‘फायरवॉल-1’ने चालू जोडण्यांची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ केली. नियम पहिल्या पॅकेटलाच लावायचे, पुढची पॅकेटे ‘स्टेट टेबल’मधल्या नोंदीवर सोडायची. यात वेगही साधला आणि सुरक्षितताही. मात्र त्या नोंदीत पत्ते आणि पोर्ट असत, जोडणी कोणाच्या परवानगीवर उघडली ते नसे. त्यामुळे परवानगीचा नियम काढला तरी त्याच्या जोरावर पडलेली नोंद जिवंतच राही. माणसाचे लॉगआउट फायरवॉलच्या गावीही नव्हते. ते तिला मुद्दाम कळवावे लागले, आणि माझ्या मते फायरवॉलच्या इतिहासातला हा दुर्लक्षित पण निर्णायक टप्पा आहे.

याचा स्वच्छ पुरावा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सापडतो. परवान्याच्या वादातून 2001मध्ये तिथून आयपीफिल्टर हे फायरवॉल सॉफ्टवेअर गेले आणि त्याजागी डॅनियल हार्टमायर यांचे पीएफ आले. पाठोपाठ 2002मध्ये बॉब बेक यांचे ऑथपीएफ. एसएसएचने लॉगइन केले की नेहमीच्या शेलऐवजी हा प्रोग्रॅम चालतो, त्या पत्त्यापुरते नियम भरतो आणि सत्र संपताच काढून घेतो. एवढ्याने भागत नाही, म्हणून त्या पत्त्याच्या उरलेल्या नोंदीही तो मारून टाकतो. आणि सत्र न संपवताच यंत्र नुसते गप्प झाले तर? ऑथपीएफची मॅन्युअल सांगते की टीसीपीच्या कीपअलाइव्ह संदेशांवर विसंबू नका, ते बनावट असू शकतात. एसएसएचनेच आपल्या सुरक्षित वाहिनीतून ‘आहेस का’ असे विचारत राहावे. लॉगइन तपासणाऱ्या रेडियस या प्रोटोकॉलमध्येही सर्व्हरने स्वतःहून सत्र तोडण्याची सोय 2003च्या आरएफसी 3576ने नोंदवली; म्हणजे ही गरज एकट्या ओपनबीएसडीची नव्हती.

टाइमआउट असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण स्थिरावलेल्या टीसीपी जोडणीसाठी पीएफची मूळ मुदत 24 तासांची, लिनक्सची तर 5 दिवसांची. तीही जोडणी निष्क्रिय असेल तरच मोजली जाते. डेटा वाहत राहिला तर मुदत कधीच भरत नाही. लॉगआउटबरोबर नोंदी मारल्याने अर्धवट डाउनलोड तुटते ही तक्रार खरी, पण परवानगी सत्रापुरतीच होती. मला वजनदार वाटतो तो आक्षेप वेगळाच: अनेकांना एकच पत्ता देणाऱ्या एका नॅटमागे दहा जण असतील, तर एकाच्या लॉगआउटने नऊ जणांच्या जोडण्या तुटतील. त्याला ऑथपीएफकडे उत्तर नाही. पत्ता म्हणजेच माणूस असे धरून ते चालते, आणि त्याच पत्त्यावरून दुसऱ्याने लॉगइन केले तर आधीच्याचे सत्र बंद करून टाकते.