घर उतरवण्याची रीत

मृग जवळ आला की गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत माणसं छपरांवर चढतात. कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे असतात. माकडांच्या उड्यांनी फुटलेले काढायचे, साबूत पुन्हा ओळीनं बसवायचे, मागच्या खेपेला राखून ठेवलेले रिकाम्या जागी सरकवायचे. फुटकेही वाया जात नाहीत. जोत्याच्या भरावात खपतात.

'हरित बांधकाम' हा शब्द इकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही रीत. झाडीपट्टीतलं जुनं घर पाडण्यापेक्षा उतरवलं जाई. आधी कवेलू, मग फाटे, मग मयाल म्हणजे तुळया, शेवटी दारं-चौकटी. उरलेली मातीची भिंत फोडायची, भिजवायची, तणस कालवून पायांनी तुडवायची आणि त्याच चिखलाची नवी भिंत घालायची. भाजलेल्या विटेला ही परतवाट नाही.

याला नुसती काटकसर म्हणणं चुकीचं ठरेल. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली आणि जंगलालगतच्या माणसाला डोळ्यांसमोरचा साग परका झाला. तोडायला परवानगी, वाहायला पास. आजोबांच्या घरातला मयाल मात्र आपला! तो जपण्यामागे जिव्हाळा होता तसा कायद्याचा धाकही होता.

१ मे १९९९ रोजी गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारनं नियम केला: कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या ५० किलोमीटर परिघात मातीच्या विटांमध्ये किमान २५ टक्के राख मिसळावी. पुढे २०१२ पासून जिल्ह्यातल्या तिरोड्यात कोळशावर वीजनिर्मिती सुरू झाली, क्षमता ३,३०० मेगावॉटवर गेली, आणि राखेचा प्रश्न जिल्ह्याच्या दारात आला. टाकाऊतून बांधण्याची जुनी सवय आता अधिसूचनेच्या भाषेत परतली.

कवेलूंच्या वाट्याला असा नियम आला नाही. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर टाकाऊ मंगलोरी कवेलू स्लॅबच्या काँक्रीटमध्ये भरत. तेवढं सिमेंट वाचे, वजनही घटे. इथे २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत पक्क्या घरासाठी सरकारी पैसे मिळू लागले आणि जुनी छपरं भराभर उतरली. स्लॅबवर फेरायला काही नसतं. घरामागे रचलेल्या थप्पीतले साबूत कवेलू मग गोठ्यावर चढतात. माकडंही आता तिकडेच उड्या मारतात.