निर्णयातील विरोधाभास व पुंज संभाव्यता

निर्णयातील विरोधाभास व पुंज संभाव्यता : मनुष्याचे निर्णय संभाव्यतेच्या रूढ नियमांशी जेथे जुळत नाहीत, तेथे पुंजयामिकीतील (क्वांटम सिद्धांतातील) गणित वापरून त्यांची संगती लावण्याची पद्धती. छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबादेस राजधानी नेण्याच्या मुहंमद तुघलकाच्या निर्णयासारख्या (१३२७) कृत्यांमुळे ‘तुघलकी’ हा शब्द मराठीत अविचाराचा वाचक झाला. परंतु रूढ नियमांत न बसणारा निर्णय अविचारीच असतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकात गणिताच्या कक्षेत आला.

मॉरीस आले (१९५३) व डॅनिएल एल्सबर्ग (१९६१) यांनी तर्कशुद्ध निवडीच्या उपपत्तीस छेद देणारी उदाहरणे मांडली. एल. जे. सॅव्हेज यांच्या तत्त्वानुसार (१९५४), एखादी घटना घडो वा न घडो, आपण एकच पर्याय निवडणार असू, तर ती घडली की नाही हे ठाऊक नसतानाही तोच निवडावा. आमॉस ट्व्हर्स्की व एल्डर शाफिर यांनी १९९२ मध्ये याची कसोटी प्रसिद्ध केली. २०० डॉलर मिळण्याची वा १०० डॉलर गमावण्याची समान शक्यता असलेला कल्पित डाव पुन्हा खेळाल काय, असे विद्यार्थ्यांस विचारण्यात आले. पहिला डाव जिंकल्याचे सांगितले असता ६९ टक्के, हरल्याचे सांगितले असता ५९ टक्के तयार झाले. निकाल अज्ञात ठेवला असता मात्र ३६ टक्केच. रूढ गणिताप्रमाणे हा आकडा ५९ व ६९ यांच्या दरम्यान हवा होता.

दोन फटींपैकी कोणत्या फटीतून इलेक्ट्रॉन गेला हे अज्ञात असते, तेव्हा दोन मार्गांच्या संभाव्यतांची साधी बेरीज होत नाही. व्यतिकरणामुळे ती घटते वा वाढते. ‘जिंकलो’ व ‘हरलो’ या विचारमार्गांसही हेच गणित लावता येते. डीडेरिक आर्ट्‌स यांनी १९९० नंतरच्या दशकात आणि जेरोम बुसमायर प्रभृतींनी २००६ पासून अशी प्रतिमाने रचली. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरे बदलतात. त्या बदलाविषयी या गणितातून निघणारी समता अमेरिकेतील ७० राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या विश्लेषणात (२०१४) बव्हंशी आढळली.

मेंदूत पुंजक्रिया घडतात, असा या प्रतिमानांचा दावा नाही. तसेच डावाचा वरील परिणाम २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पुन्हा आढळला नाही. शिवाय ही पद्धती अनेकांच्या निवडींचे प्रमाण सांगते. एकट्या तुघलकाच्या निर्णयाचा उलगडा तिच्याने होणार नाही, त्यासाठी इतिहासाची साधनेच तपासावी लागतात. तथापि निर्णयास अविचार ठरविण्यापूर्वी, तो घेणाऱ्यास काय ठाऊक होते व काय अज्ञात होते, हे पाहणे इतिहासकारासही आवश्यक आहे.