अनामत, खड्डे आणि अचौर्य व्रत



मागच्या आठवड्यात मंडळाच्या जुन्या फाइली आवरताना एक पिवळी पडलेली पावती सापडली. 'मैदान वापर – अनामत रक्कम रु. १०,०००.' पावती हातात घेतली आणि पोटात कालवल्यासारखे झाले. का, ते सांगते. पण आधी थोडा इतिहास, कारण तो वाचल्यावरच माझी चूक मला नीट कळली.

मुंबईत राहणाऱ्यांना आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही नावे वेगवेगळी वाटतात. मुळात हे सगळे एकच मोकळे रान होते, एस्प्लनेड. किल्ल्यासमोर शत्रू आला तर तोफेच्या माऱ्यात यावा म्हणून इंग्रजांनी ती जागा मोकळी ठेवली होती. पुढे किल्ल्याची भिंत पडली, रस्ते आले आणि त्या रानाचे तुकडे झाले. त्या गवतावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळू लागली. त्याच गवतावर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमिनीत खड्डे पडत आणि त्या खड्ड्यांतून चेंडू कसाही उसळे. साहेबांना त्याचे काही नव्हते. त्यांचे स्वतःचे क्रिकेट जिमखान्याच्या राखलेल्या हिरवळीवर चाले.

१८८१ मध्ये शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी देशी खेळाडूंच्या वतीने सरकारकडे अर्ज केला. काही काळ पोलो बंद झाला, मग साहेबांनी खटपट करून तो पुन्हा आणला. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज असे ते चालले. शापूरजींनी ही सगळी हकीकत पुढे १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. सार्वजनिक मैदान कोणाचे, हा प्रश्न आपल्या शहरात पहिल्यांदा इतक्या ठामपणे विचारला गेला तो खड्ड्यांवरून, हे मला फार बोलके वाटते.

दुसरी गोष्ट शिवाजी पार्कची. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून माणसे बाहेर काढण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती वसवली गेली. १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुला झाला. १९२७ मध्ये त्याचे नाव शिवाजी पार्क झाले, ते अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. त्या महापालिकेच्या सभासद होत्या. गांधीजींबरोबर चंपारणला गेलेल्या, हिंद महिला समाज उभा करणाऱ्या आणि १९१८ मध्ये गांधीजींचे मराठीत चरित्र लिहिणाऱ्या याच बाई. म्हणजे मैदानाच्या कारभारात बायकांनी लक्ष घालणे काही आजचे नाही. १९३० च्या कायदेभंगात तर एस्प्लनेडवर झेंडावंदनाला बंदी असताना देशसेविका तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे परवाना नव्हता. पण त्या लपूनछपून आल्या नव्हत्या, आणि परिणाम भोगायची तयारी ठेवून आल्या होत्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वातंत्र्यानंतर परवान्याचा प्रश्न सुटला नाही, फक्त बदलला. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याखाली अहमदाबादेत असा नियम होता की रस्त्यावर सभा घ्यायची तर पोलिसांची आधी परवानगी हवी. परवानगी कधी द्यायची आणि कधी नाकारायची, हे मात्र कुठे लिहिलेले नव्हते. लाल दरवाजाजवळ विद्यार्थ्यांच्या सभेला नकार मिळाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ मध्ये हिम्मतलाल शाह खटल्यात पाच न्यायाधीशांनी तो नियम रद्द केला. निकालाचे सार साधे आहे: सरकार सभांना शिस्त लावू शकते, पण निकष न सांगता नुसते 'आमची मर्जी' म्हणू शकत नाही. आज आपण खिडकीवर उभे राहून 'नकाराचे कारण लेखी द्या' असे म्हणतो, त्यामागे असे निकाल आहेत.

आवाजाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शिवाजी पार्कही शांतता क्षेत्र ठरवले. खेळाखेरीज इतर कार्यक्रमांना तिथे पुढे वर्षाचे ४५ दिवसच ठेवले गेले. उरलेले दिवस मुलांचे.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी महावीर जन्मकल्याणकाचा कार्यक्रम आम्ही जवळच्या मैदानात घेतला. मी खजिनदार. मैदानाचा अर्ज, पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला, लाऊडस्पीकरचा परवाना, हमीपत्र, सगळे मीच केले. अर्जात रकाना होता, 'अपेक्षित उपस्थिती'. येणार होत्या सहाशे बायका. एक जण म्हणाली, "ताई, दोनशेच लिहा, कटकट कमी होईल." मी दोनशे लिहिले. खाली सही केली.

दोनशेच्या हिशेबाने पाण्याचा एकच टँकर आला आणि फिरती शौचालये दोनच. अकरा वाजताच पाणी संपले. उन्हात रांगेत उभ्या असलेल्या एका आजींना चक्कर आली. थोडक्यात निभावले. मांडववाल्याने बांबूंसाठी खणलेले खड्डे तसेच ठेवून सामान नेले.

अनामत परत मिळायला सात महिने आणि नऊ खेपा लागल्या. दर वेळी नवा कागद. शेवटी खड्ड्यांपोटी ४,००० कापून ६,००० चा धनादेश मिळाला. मी घरीदारी खूप बोलले त्या कार्यालयाबद्दल. मी कॉमर्सची पदवीधर. अनामत ही घेणाऱ्याच्या वहीत देणे म्हणून असते, उत्पन्न म्हणून नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. सात महिने दुसऱ्याचे पैसे अडवायचे म्हणजे काय?

त्याच चातुर्मासात तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचा स्वाध्याय चालू होता. सत्याणुव्रताचे पाच अतिचार आले. त्यात एक न्यासापहार, म्हणजे ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागत असेल तर 'हो, तेवढीच' म्हणून बाकीची गिळणे. मी मनात म्हटले, घ्या, ठेवीचा विषय शास्त्रातही आहे! पण त्याच सूत्रात त्याच्या आधी शब्द आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख करणे. माझी मान खाली गेली. त्यांनी ठेव उशिरा दिली खरी, पण खोटा आकडा तर मी लिहिला होता, तोही महावीरांच्या नावाच्या कार्यक्रमासाठी.

अचौर्य व्रताच्या भावनांमध्ये परोपरोधाकरण सांगितले आहे, म्हणजे आपण राहतो त्या जागी दुसऱ्याला अटकाव न करणे. ते सांगितले मुनींसाठी, पण त्या दिवशी मला मैदानच दिसले. संध्याकाळी गेले तर मुले खड्ड्यांत विटांचे तुकडे भरत होती. शापूरजींच्या मुलांनी साहेबांच्या घोड्यांचे खड्डे असेच पाहिले असतील. या वेळी घोडे आमचे होते.

पुढच्या वर्षी मी सहाशे लिहिले. शुल्क वाढले, पोलिसांनी दोन प्रश्न जास्त विचारले, टँकर तीन आले. मांडववाल्याला खणू दिले नाही, लोखंडी सांगाडा वाळूच्या पिंपांवर उभा केला. निघण्यापूर्वी मैदानाचे फोटो काढून परताव्याच्या अर्जाला जोडले. अनामत पूर्ण आली, फक्त चार महिन्यांनी. उशिराबद्दल मी लेखी तक्रार केली. ते माझे कर्तव्य होते, आणि या वेळी तक्रार करताना माझा स्वतःचा कागद खरा होता.

तुमच्या मंडळाचा अर्ज भरताना तो एक रकाना खरा भरा, एवढेच सांगायचे होते.

जय जिनेंद्र.