दोन मॉर्टन आणि एक दुखरा चवडा

चवडा का दुखतो हे शोधायला गेलं की ‘मॉर्टन’ हे नाव हमखास भेटतं. माणसं मात्र दोन. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टननं १८७६ मध्ये चौथ्या बोटाच्या सांध्यापाशी होणाऱ्या वेदनेचं वर्णन केलं. मला जास्त रस आहे तो अमेरिकेच्याच डडली मॉर्टनमध्ये.

१९२०च्या दशकात त्यानं हिशेब मांडला. चवड्यावरच्या भाराचे सहा वाटे करा. दोन अंगठ्यामागच्या हाडाचे, उरलेल्या चार हाडांचा एकेक. अंगठ्यामागचं हाड आखूड किंवा सैल असलं, तर त्याचा भार शेजारच्या हाडावर पडतो. ते जाड होतं, चवडा ठणकतो. आखूडपणात त्याला माणसाच्या झाडावरच्या पूर्वजांची खूण दिसली.

गोष्ट इतकी नेटकी होती की पटलीच. पुढे १९४०च्या दशकात हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांवर सैनिकांचे पाय तपासले. आखूड हाडाचे कितीतरी जण बिनतक्रार चालत होते!

सैलपणाचा वाद मात्र उरला. डॉक्टर तो हातानं हाड वर-खाली करून पाहतात. दोघांचा अंदाज जुळेलच असं नाही. त्याच अंदाजावर कधी सांधा कायमचा जोडून टाकतात. म्हणून मला वाटतं, आधी मोजमाप पक्कं हवं.