फ्रान्सचा चित्रपडदा व पैठणचा पदर

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. येथील गांठी मुंबईस व तेथून मँचेस्टरास जाव्यात म्हणून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. परंतु ज्या गांवांत पऱ्हाटी पिकते, त्या गांवास धाग्याचें पुढें काय होतें हें क्वचितच पाहावयास मिळतें. म्हणून या महोत्सवप्रसंगीं, धाग्यांतून चित्र कसें उमटतें आणि तें कसें टिकतें, याची थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मध्ययुगीन यूरोपांत राजवाड्यांच्या व ख्रिस्तमंदिरांच्या दगडी भिंतींवर लोंकरीचे भव्य चित्रपडदे लावीत असत. त्यांवरील चित्र रंगविलेलें नसे, सुईनें भरलेलेंही नसे. तें मागावरच विणलें जाई. साध्या कापडांत आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. चित्रपडद्यांत प्रत्येक रंगाचा धागा निराळ्या लहान कांडीवर असतो. विणकर तो त्या रंगाच्या सीमेपर्यंतच नेतो, तेथूनच परत फिरवितो, आणि पुढें दुसरी कांडी हातीं घेतो. आडवे धागे ठासून बसविल्यानें उभा ताणा झांकला जातो. तांबडा रंग आपल्या मंजिष्ठेच्याच जातीच्या मुळांपासून काढीत.

अशा पडद्यांपैकीं एक अत्यंत प्रसिद्ध पडदा फ्रान्समधील आंझे शहरीं आहे. नव्या कराराच्या शेवटल्या ग्रंथांतील संत योहानाचें दर्शन त्यावर विणलें आहे. आंझूचा ड्यूक पहिला लुई यानें तो १३७५ च्या सुमारास करविण्यास घेतला. नमुने ब्रूजचा चित्रकार जां बोंदोल यानें काढले; पडदे पुरविण्याचें काम पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याजकडे होतें. पडद्याची मूळ लांबी सुमारें १४० मीटर होती. विशेष असें कीं, धाग्यांचीं टोकें इतक्या कुशलतेनें लपविलीं आहेत कीं मागील बाजूही पुढल्यासारखीच दिसते.

हें वाचून आमच्या भगिनींस पैठणीचा पदर आठवल्यावांचून राहणार नाहीं. गोदावरीकांठचें पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेथें लोंकरीऐवजीं रेशीम व जर आहे, भिंतीऐवजीं खांदा आहे; पण युक्ति तीच. मोराचा हिरवा धागा मोराच्या सीमेवरूनच परत फिरतो व शेजारच्या जरीच्या धाग्यांत अडकतो. म्हणूनच खरी पैठणी दोन्ही बाजूंनीं सारखी दिसते. एकानें दुसऱ्याची विद्या घेतली असें आमचें म्हणणें नाहीं. सारख्या धीराचे हात सारख्या युक्तीस पोंचले, एवढेंच.

दोहोंचें दुर्दैवही सारखेंच. राजा रने याच्या मृत्यूनंतर, १४८० सालीं, तो पडदा आंझेच्या महामंदिरास मिळाला. पुढें अठराव्या शतकांत त्याची कोणास किंमत उरली नाहीं. राज्यक्रांतीच्या काळांत त्याचे तुकडे झाले. थंडींत संत्र्यांच्या झाडांवर पांघरण्यास व तबेल्यांत लावण्यास ते वापरले गेले. १८४३ सालीं तेथील बिशपांनीं तो विकत घेतला, आणि नंतर कॅनन झुबेर यांनीं वर्षानुवर्षें तुकडे जमवून दुरुस्त करविले. म्हणून आज सुमारें १०० मीटर शिल्लक आहे.

आपल्याकडे जुन्या पैठण्या वजनावर विकल्या गेल्या, व चांदीसाठीं जाळल्या गेल्या. राखेंतून चांदी मिळते. मोर मिळत नाहीं.

यास्तव वाचकांस आमची विनंती आहे. घरच्या पेटींतील आजीचा शालू असो, वा मंदिरांतील जुनीं पूजावस्त्रें असोत, तीं जीर्ण झालीं म्हणून टाकूं नयेत. स्वच्छ, कोरड्या सुती कापडांत गुंडाळावीं व मधून मधून घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर जर तुटणार नाहीं. विणणाऱ्यांचीं नांवें आपण राखूं शकलों नाहीं. त्यांचें काम राखणें अद्याप आपल्या हातीं आहे.