दोन मैलांची रेल्वे आणि एक गोदी

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, हाती लागेल ते वाचत रेल्वेच्या इतिहासाकडे वळलो. हा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ‘पहिली कोण’ या प्रश्नावर, बोरीबंदर-ठाण्यापाशी, येऊन थांबते. वेल्समधल्या लानेली गावच्या एका लहानशा कंपनीने मला वेगळा प्रश्न विचारायला शिकवले: रेल्वे माल नेते, पण कोणाच्या बंदरात?

लानेलीच्या रेल्वे-गोदी कंपनीला ब्रिटिश संसदेने १८२८ साली मंजुरी दिली. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. लिव्हरपूल-मँचेस्टर सुरू व्हायला अजून दोन वर्षे होती. लानेलीचा बेत आटोपशीर होता. गावामागच्या कोळसा खाणींपासून किनाऱ्यापर्यंत सुमारे दोन मैल रूळ आणि टोकाला गोदी. तिथल्या बरी खाडीत भरती-ओहोटीतला फरक मोठा; ओहोटीला जहाजे चिखलात बसत. दरवाजे लावून पाणी आत अडवले की जहाज तरंगत राहते आणि माल केव्हाही भरता येतो. १८३४ मध्ये गोदी सुरू झाली.

मग रूळ गोदीकडून डोंगराकडे सरकत गेले: १८३९ मध्ये पाँटार्डुलस, १८४० मध्ये आमन खोरे, १८५७ मध्ये लँडायलो. आमन खोऱ्यात अँथ्रासाइट निघे, म्हणजे जवळजवळ धूर न करता जळणारा कठीण कोळसा. रेल्वेही आपली, गोदीही आपली. त्यामुळे एकाच टनावर वाहतुकीचे भाडे आणि गोदीचा आकार अशी दुहेरी मिळकत. हिशेब चोख होता.

पण खाडीत वाळूचे दांडे होते आणि ते सरकत राहत. जहाजे मोठी होऊ लागली तशी वाट अवघड झाली. शेजारच्या स्वान्सी बंदराचे आकर्षण वाढले. १८६०च्या दशकात कंपनीने स्वान्सीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला कार्मार्थनकडे नवे मार्ग टाकले. स्वतःच्या गोदीचा माल प्रतिस्पर्ध्याच्या दारात पोचवायची सोय तिने स्वतःच्याच पैशाने केली.

या निर्णयाला मूर्खपणा म्हणायला मी तयार नाही. खाणमालक कोणासाठी थांबत नाही. आपण रूळ टाकले नाहीत तर दुसरा टाकतो. पण हा विस्तार लहान कंपनीला झेपला नाही. १८७१ मध्ये नवे मार्ग तिच्यापासून वेगळे झाले. पुढे स्वान्सीचा मार्ग बलाढ्य लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नकडे गेला. जुना मार्ग १८७३ पासून ग्रेट वेस्टर्न चालवू लागली आणि १८८९ मध्ये लानेलीची कंपनी तिच्यात विलीन झाली.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त एका दिवाळखोर महत्त्वाकांक्षेची ठरली असती. पण ज्या दोन मार्गांनी कंपनीला बुडवले, ते १९६३-६४ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाले. लानेली-पाँटार्डुलस-लँडायलो हा जुना मार्ग मात्र आजही चालू आहे. श्रूजबरीहून स्वान्सीला जाणारी गाडी आधी लानेलीत येते, तिथे दिशा बदलते आणि मगच स्वान्सीला जाते.

वाळूने हिरावलेले महत्त्व रुळांनी असे थोडेसे परत केले. माल नाही, माणसे; पण लानेलीला वळसा घातल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही.