तळटीप : इंधनाची काच

१. ‘काच बदलायला टाकली’ : पायपर सुपर कबसारख्या छोट्या विमानाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात आणि पेट्रोलच्या टाक्या त्या पंखांतच. टाकीला वर-खाली जोडलेली पारदर्शक नळी, म्हणजेच ही ‘काच’, केबिनमध्ये, पंखाच्या मुळाशी बसवतात. टाकीत जेवढी पातळी, तेवढीच नळीत. ना वायर, ना वीज. फवारणी पंपाच्या पांढुरक्या टाकीत औषध किती उरले ते बाहेरूनच पाहणाऱ्या लासलगावच्या द्राक्षबागायतदाराला यापेक्षा जास्त सांगायला नको. मात्र नळी उन्हाने पिवळी पडते, विमानाच्या निळसर पेट्रोलचे डाग धरते. टोकांचे रबरी सील कडक झाले की केबिनमध्येच पेट्रोल झिरपते. हा दोष खरा घातक. नळी बदलताना टाकी रिकामी करतात, नंतर मापाने पेट्रोल ओतून खुणा पडताळतात. शेपटीखाली चाक असल्याने हे विमान जमिनीवर नाक वर करून उभे असते, म्हणून पडताळणीआधी शेपटी उचलून ते समतल करावे लागते. शून्याची खूणही टाकी कोरडी होते तिथे नसते. इंजिनापर्यंत न पोचणारे तळाचे पेट्रोल उरते, तिथे असते. लेखक नळी बदलण्याला ‘किरकोळ काम’ म्हणतात, ते पटत नाही : परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय या कामानंतर विमान भारतात पुन्हा उडवता येत नाही. — संपादक